लेझर प्रिंटरचा कागद : निवड, साठवण आणि भरणी

शाळेचे कार्यालय, पतपेढी, महिला मंडळ, धर्मग्रामाची कचेरी किंवा घरातील अभ्यासाची खोली, यांपैकी बहुतेक ठिकाणी आता लेझर प्रिंटर येऊन स्थिरावला आहे. जून महिना उजाडला की त्याच्यावरील कामाचा भार वाढतो. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिकेची प्रत, बाप्तिस्म्याचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा एक ना अनेक कागदांसाठी माणसे दाराशी उभी राहतात. त्यांपैकी कित्येकांनी त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस सुरू झालेला असतो आणि नेमके त्याच वेळी यंत्र कागद अडकवून बसते. दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले जाते. तो यंत्र उघडतो, पुसतो, त्याचे शुल्क घेतो आणि जातो. आठवडाभराने पुन्हा तेच.

आमचे म्हणणे एवढेच, की अशा प्रसंगी यंत्रास दोष देण्यापूर्वी कागदाकडे पाहावे. लेझर प्रिंटरचे अर्धे काम यंत्र करते आणि उरलेले अर्धे कागद करतो. कागद योग्य निवडला, कोरडा राखला आणि नीट भरला तर कटकटींचा मोठा भाग आपोआप नाहीसा होतो. त्यासाठी तंत्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. थोडी समज आणि थोडी शिस्त पुरेशी आहे. प्रस्तुत लेखात त्याच गोष्टींचा क्रमाने विचार करू.

यंत्रात कागदाचे काय होते?

अमेरिकेतील चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे विद्युतभाराच्या साहाय्याने कोरडी भुकटी कागदावर उतरवून पहिली प्रत काढली. फोटोकॉपी, म्हणजेच आपल्या बोलण्यातील झेरॉक्स, हे त्याच शोधाचे फळ. पुढे झेरॉक्स कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी या पद्धतीस लेझर किरणांची जोड दिली आणि १९७१ च्या सुमारास लेझर प्रिंटरचे आदिरूप सिद्ध झाले. १९८४ साली ह्यूलेट-पॅकार्डने लेझरजेट बाजारात आणला आणि हे तंत्र सामान्य कार्यालयाच्या टेबलावर येऊन पोहोचले.

तत्त्व आजही तेच आहे. यंत्रातील ड्रमवर लेझर किरणाने अक्षरांचे अदृश्य विद्युतचित्र उमटते. त्या चित्राला टोनर चिकटतो. टोनर ही शाई नसून प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची अतिसूक्ष्म रंगीत भुकटी असते. कागद ड्रमजवळून जाताना त्याच्या मागील बाजूस विद्युतभार दिला जातो आणि त्या ओढीने भुकटी कागदावर येते. शेवटी कागद तापलेल्या व दाब देणाऱ्या दोन रोलरांमधून जातो. या भागास फ्यूजर म्हणतात. तेथील तापमान सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भुकटी वितळते आणि कागदाच्या तंतूंना कायमची धरून बसते.

म्हणजे काही सेकंदांत कागदाला चार कसोट्यांतून जावे लागते. रबरी रोलरने एकट्याने उचलले जाणे, वळणावळणाच्या वाटेने जाणे, विद्युतभार धारण करणे आणि प्रखर उष्णता सोसणे. कागदाचे सर्व नियम या चार गोष्टींतून निघतात. हे ध्यानी ठेवले की पुढील सूचना पाठ करण्याची गरज उरत नाही.

आकार : ए-४ आणि इतर

आपल्याकडे सर्वसाधारण वापराचा आकार ए-४, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर लांब. या मालिकेचा उगम १९२२ च्या जर्मन मानकात आहे आणि १९७५ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. मालिकेतील सर्वांत मोठा कागद ए-० हा एक चौरस मीटर क्षेत्रफळाचा असतो. तो मध्यावर चार वेळा दुमडला की ए-४ मिळतो. अर्थात ए-४ चे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होतो.

अमेरिकेत मात्र लेटर नावाचा आकार चालतो. तो २१६ मिलिमीटर रुंद व २७९ मिलिमीटर लांब असतो. म्हणजे आपल्या ए-४ पेक्षा किंचित रुंद आणि आखूड. नवीन संगणकात किंवा बाहेरून आलेल्या फायलीत पुष्कळदा हाच आकार ठरवलेला असतो. ट्रेमध्ये ए-४ असतो, फाईल लेटर मागते, आणि यंत्र दिवा लुकलुकवत थांबून राहते. कागद संपलेला नसतो, काही बिघडलेलेही नसते. फाईलमधील पानाचा आकार, प्रिंटरच्या सेटिंगमधील आकार आणि ट्रेमधील कागद, या तिन्ही ठिकाणी एकच आकार आहे ना, एवढे पाहिले की काम पुढे सरकते.

आपल्या जुन्या कचेऱ्यांत लीगल हा लांब कागद, २१६ गुणिले ३५६ मिलिमीटर, दीर्घकाळ वापरात राहिला. आता वारे ए-४ च्या दिशेने वाहत आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली आपल्याकडील कागदपत्रांसाठी ए-४ आकाराचा, किमान ७५ जीएसएमचा आणि दोन्ही बाजूंनी छापलेला कागद स्वीकारला. लांब कागदाची गरज क्वचितच पडत असेल तर त्याचा साठा करू नये; पडून राहिलेला कागद हमखास दमट होतो.

वजन : जीएसएम म्हणजे काय?

रीमच्या वेष्टनावर ७०, ७५ किंवा ८० जीएसएम असे लिहिलेले असते. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, हा त्याचा अर्थ. वर सांगितल्याप्रमाणे ए-४ चे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होत असल्याने ८० जीएसएमच्या एका तावाचे वजन ५ ग्रॅम भरते आणि ५०० तावांच्या रीमचे सुमारे अडीच किलो. ७५ जीएसएमची रीम सुमारे २ किलो ३४० ग्रॅमची, तर ७० जीएसएमची सुमारे २ किलो १८० ग्रॅमची असते. वेष्टनावरील आकड्याविषयी शंका आल्यास दुकानातील वजनकाट्यावर रीम ठेवून पाहण्यास हरकत नाही. वेष्टनाचे थोडे ग्रॅम सोडले तर काटा खोटे बोलत नाही.

रोजच्या कामास ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद उत्तम. ७० चा कागद एका बाजूच्या छपाईस चालतो; मात्र दोन्ही बाजूंनी छापल्यास मागील अक्षरे पुढे दिसतात आणि वाचणाऱ्यास, विशेषतः वयस्कर माणसांस, त्रास होतो. त्याहून पातळ कागद रोलरला नीट उचलता येत नाही. दोन ताव एकदम जातात किंवा वळणावर दुमडतात.

वेष्टनावर कॉपियर कागद असल्याचा उल्लेख आहे ना, हेही पाहावे. भारतीय मानक ब्यूरोने अशा कागदासाठी आयएस १४४९० हे मानक ठरवले आहे. कागद बांबूचा आहे, लाकडाचा आहे की उसाच्या चिपाडाचा, याने यंत्रास फरक पडत नाही. तामिळनाडूतील करूर जिल्ह्यातील गिरणी उसाच्या चिपाडापासून कागद बनवते आणि तो देशभर लेझर प्रिंटरांत चालतो. महत्त्व आहे ते कागदाची कड सरळ व स्वच्छ कापलेली असण्याला, पृष्ठभाग समान असण्याला आणि धूळ कमी असण्याला. मोठे ताव आणून छापखान्यात बोथट पात्याने कापून घेतलेला स्वस्त कागद येथेच दगा देतो. त्याच्या कडा एकमेकींना चिकटून राहतात, कोपरे काटकोनात नसतात आणि कडांवरील भुसा रोलरवर साचून पुढे चांगल्या कागदालाही घसरवतो. रीममागे वाचवलेले थोडे रुपये दुरुस्तीच्या एकाच फेरीत निघून जातात.

अतिशुभ्र, चकचकीत पांढरा कागद म्हणजे अधिक चांगला कागद, असाही समज आढळतो. हा लखलखीतपणा बराचसा शुभ्रता वाढवणाऱ्या रसायनांमुळे येतो. छपाईच्या सुबकतेशी त्याचा संबंध थोडाच असतो.

हे कागद यंत्रात घालू नयेत

इंकजेट प्रिंटरसाठी बनवलेला चकचकीत फोटो कागद लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. त्यावरील थर फ्यूजरच्या उष्णतेने मऊ होऊन रोलरला चिकटतो. लेझरसाठी नसलेली पारदर्शक प्लॅस्टिकची शीट याहून घातक; ती वितळून फ्यूजरला वेढली गेली तर तो भागच बदलावा लागतो. हीच गोष्ट उठावदार शाईने छापलेल्या लेटरहेडची, कारण ती शाई उष्णतेने पुन्हा वितळू शकते. लेटरहेड छापून घेताना ते लेझर प्रिंटरमध्ये वापरावयाचे आहे, असे छापखान्यास आधीच सांगावे.

अर्धी लेबले काढून घेतलेली लेबलशीट, टाचणी किंवा स्टेपलची पिन राहिलेला कागद, दुमडलेला वा फाटक्या कडेचा कागद, यांनाही मनाई समजावी. पिनेचा एक ओरखडा ड्रमवर पडला की पुढील प्रत्येक पानावर ठराविक अंतराने काळा ठिपका उमटत राहतो.

एका बाजूने वापरलेले कागद पुन्हा घालण्याची काटकसर अनेक कार्यालयांत दिसते. हेतू स्तुत्य आहे. पण असा कागद एकदा उष्णतेतून गेल्याने वाकलेला असतो आणि त्यावरील जुना टोनर पुन्हा मऊ होऊन रोलरवर लागू शकतो. पाठकोरे कागद हाताने टिपणे लिहिण्यास वापरावेत आणि बचत करावयाची ती नव्या कागदाच्या दोन्ही बाजू छापून करावी, हा मार्ग आम्हांस अधिक हिताचा वाटतो.

ओलावा : किनाऱ्यावरील खरा शत्रू

कागद हा वनस्पतीच्या तंतूंचा बनलेला असल्याने हवेतील पाणी शोषून घेतो आणि परत सोडतो. कारखान्यातून निघताना त्यात साधारणतः शेकडा ४ ते ५ भाग ओलावा असतो. वेष्टनाच्या आतील बाजूस असलेला मेणासारखा किंवा प्लॅस्टिकचा थर हा ओलावा आहे तितकाच राखतो. वेष्टन फोडले की ते संरक्षण संपले. वसई, मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात जुलै महिन्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडी पडलेली रीम एका रात्रीत आपले गुण बदलते.

दमट कागदाचे परिणाम तीन. पहिला, ओलाव्यामुळे विद्युतभार निसटून जातो, टोनर नीट ओढला जात नाही आणि अक्षरे फिकट किंवा डागाळलेली येतात. दुसरा, फ्यूजरमध्ये ओलाव्याची वाफ होते. कागदावर सुरकुत्या पडतात आणि तो बाहेर येताना गुंडाळला जातो. तिसरा, फुगलेल्या कडांमुळे ताव एकमेकांना धरून बसतात आणि यंत्र अडते. पुष्कळदा फिकट छपाई पाहून टोनर संपला असे समजून नवे काडतूस आणले जाते. त्याआधी एकदा नव्या, न फोडलेल्या रीममधील पाचपन्नास ताव घालून पाहावे. छपाई सुधारली तर दोष कोठे होता ते उघड आहे.

कागद अतिकोरडा झाला तरी अडचण येतेच. स्थिर विद्युतभारामुळे ताव एकमेकांना चिकटतात. परंतु आपल्या किनाऱ्यावर तो धोका कमी. येथे पुढील पथ्ये पाळणे हितावह ठरेल.

रीम जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. फळीवर, आडवी आणि सपाट ठेवावी. गरजेपुरतीच रीम फोडावी आणि उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून वर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा. पावसाळ्यात ट्रे गच्च भरून ठेवू नये. दिवसाच्या कामापुरते ताव घालावेत आणि कार्यालय बंद करताना उरलेले काढून पिशवीत ठेवावेत. शनिवारी बंद केलेले कार्यालय सोमवारी उघडते, तेव्हा ट्रेमधील कागदाने दोन रात्री पावसाळी हवा प्यायलेली असते, हे विसरू नये. वातानुकूलित खोलीतील थंड रीम दमट खोलीत नेल्यास ती लगेच फोडू नये. काही तास बंदच राहू द्यावी, अन्यथा थंड कागदावर हवेतील पाणी जमते. दमट कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरण्याच्या भरीस पडू नये. तो वाकडातिकडा वाळतो.

ट्रे भरण्याची रीत

ट्रे पूर्ण बाहेर काढावा. आत जुना कागद शिल्लक असल्यास तो काढून नव्या कागदाबरोबर एकत्र करावा, कडा सपाट टेबलावर ठोकून जुळवाव्यात आणि मग सारा गठ्ठा एकदम ठेवावा. जुन्या थरावर नवा थर टाकला की दोहोंच्या कडा जुळत नाहीत आणि सांध्यावर दोन ताव एकत्र उचलले जातात.

गठ्ठा पंख्यासारखा फुलवून हवा खेळवावी की नाही, याविषयी यंत्र बनवणाऱ्यांतच दोन मते आहेत. काही कंपन्या तसे करण्यास सांगतात, तर काही त्याची स्पष्ट मनाई करतात. आपल्या यंत्रासोबत आलेली पुस्तिका जे सांगते तेच करावे. ही पुस्तिका बहुतेक कार्यालयांत खोक्यासह टाकून दिली जाते. ती यंत्राजवळच एका खणात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

ट्रेच्या आतील बाजूस कमाल उंचीची रेघ किंवा बाण असतो. गठ्ठा त्याच्या खालीच राहिला पाहिजे. लहान यंत्रांचे ट्रे बहुधा १५० किंवा २५० तावांचे असतात. पाचशेची अख्खी रीम त्यांत कोंबणे म्हणजे अडथळ्यास आमंत्रण देणे होय. त्यानंतर बाजूच्या व मागील सरकत्या पट्ट्या कागदाला हलकेच टेकतील इतक्याच आणाव्यात. पट्टी सैल राहिली तर पान तिरपे छापले जाते. घट्ट दाबली तर कागद मध्ये फुगतो आणि रोलरला सापडत नाही. कागद हाताने किंचित हलवून पाहिला असता तो सरकू नये, पण वाकूही नये. चारही कोपरे खाली सपाट बसले आहेत याची खात्री करून ट्रे शेवटपर्यंत आत ढकलावा.

कोणती बाजू वर?

कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी बनताना त्यांत सूक्ष्म भेद राहतो. अनेक वेष्टनांवर बाण काढून कोणती बाजू आधी छापावी ते दाखवलेले असते. साध्या कागदास हा भेद फारसा जाणवत नाही. पण बाहेर येणारा कागद फार गुंडाळत असेल तर गठ्ठा उलटा करून पाहावा, पुष्कळदा तेवढ्यानेच गुण येतो.

लेटरहेडच्या बाबतीत मात्र बाजू आणि दिशा दोन्ही अचूक हव्यात. यंत्रागणिक नियम बदलतो, आणि एकाच यंत्रात ट्रेचा नियम व हाताने कागद सरकवण्याच्या फटीचा नियम परस्परविरुद्ध असू शकतो. त्यावर सोपा उपाय असा. एका कोऱ्या तावाच्या वरच्या बाजूस, यंत्राकडील कडेजवळ, पेन्सिलीने फुली करावी आणि एक पान छापावे. अक्षरे फुलीच्या बाजूस आली की पाठीमागे, आणि मथळा फुलीच्या टोकाला आला की दुसऱ्या, हे एकदा पाहून त्याची चिठ्ठी ट्रेवर चिकटवावी. नंतर येणाऱ्या प्रत्येक सेवकाचे श्रम वाचतील.

जाड कागद आणि पाकिटे

प्रमाणपत्रांसाठी जाड कागद हवा असतो. लहान लेझर प्रिंटर बहुधा १६० जीएसएमच्या आसपासपर्यंतचा कागद स्वीकारतात. आपल्या यंत्राची मर्यादा पुस्तिकेत पाहावी. जाड कागद एकेक करून हाताच्या फटीतून द्यावा आणि यंत्रास मागील दार असल्यास ते उघडावे, म्हणजे कागद न वळता सरळ बाहेर येतो. छापण्याआधी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार जाड असा निवडणे अत्यावश्यक आहे. तसे केल्याने फ्यूजर जाड कागदास पुरेशी उष्णता देतो. हे राहून गेले तर टोनर वरवर बसतो आणि नखाने खरवडताच नाव किंवा तारीख निघून येते. दाखल्यावरील तारीख खरवडता येणे ही किती गंभीर बाब आहे, हे सांगणे नलगे. प्रत्येक महत्त्वाची प्रत देण्यापूर्वी एका रद्दी प्रतीवर बोटाने घासून पाहावे. खिडकीची पारदर्शक पट्टी असलेली किंवा चिकटपट्टीची पाकिटे, ती लेझरसाठी आहेत असे स्पष्ट लिहिलेले नसल्यास, वापरू नयेत.

कागद अडकल्यास

घाई करू नये. यंत्र बंद करून फ्यूजरचा भाग निवू द्यावा. काडतूस बाहेर काढल्यास ते कापडाने झाकावे, कारण ड्रमला प्रखर उजेड सोसत नाही. अडकलेला ताव दोन्ही हातांनी धरून, शक्यतो कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, संथपणे ओढावा. तो फाटलाच तर तुकडे जुळवून पूर्ण ताव होतो की नाही ते पाहावे. आत राहिलेला बोटभर तुकडा पुढील प्रत्येक तावास अडवतो. चाकू, कात्री वा पट्टी आत घालू नये. चांगला कोरडा कागद घालूनही तीच तक्रार वारंवार येऊ लागली, तर मात्र उचलणारा रबरी रोलर झिजला किंवा मळला असावा आणि तंत्रज्ञास बोलावणे रास्त ठरेल.

जपून ठेवावयाच्या प्रती

काही कागद आठवडाभराचे सोबती असतात, काही पन्नास वर्षांचे. टोनरमधील काळा रंग सहसा कार्बनचा असल्याने तो सहजी फिकट होत नाही. टिकाव लागतो की नाही हे कागद ठरवतो. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, कारण त्यात लाकडातील लिग्निन नावाचा घटक राहिलेला असतो. दीर्घकाळ जपावयाच्या नोंदींसाठी आम्लविरहित कागद निवडावा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९७०६ अशा कागदात आम्लाचा नाश करण्यासाठी किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका क्षारांचा साठा असावा, असे सांगते. सर्व कामास असा कागद घेण्याची आवश्यकता नाही; नोंदवह्यांचे उतारे, ठराव आणि खरेदीखतांच्या प्रती यांपुरती एखादी रीम वेगळी ठेवली तरी पुरे.

आणखी एक दक्षता. पीव्हीसीच्या मऊ पारदर्शक फोल्डरमध्ये लेझर छपाईची पाने वर्षानुवर्षे ठेवल्यास टोनर प्लॅस्टिकला चिकटतो आणि अक्षरे फोल्डरवर उतरतात. त्याऐवजी कागदी फाईल किंवा पॉलिप्रॉपिलीनचे फोल्डर वापरावे.

वाचकहो, वरील गोष्टींत अवघड असे काहीच नाही आणि खर्चिक असेही फारसे नाही. एक प्लॅस्टिकची पिशवी, फुलीची एक चिठ्ठी, सांभाळलेली पुस्तिका आणि संध्याकाळी ट्रे रिकामा करण्याची दोन मिनिटे, इतकीच ही गुंतवणूक. आपल्या कार्यालयात हे काम कोणाचे, एवढे आजच ठरवावे. त्याचा लाभ ओळीत उभ्या असलेल्या त्या माणसास होईल. त्याला आपला दाखला पहिल्याच खेपेस, स्वच्छ आणि पुसला न जाणारा, हाती मिळेल आणि तो उरलेल्या अर्ध्या दिवसाच्या कामावर वेळेत पोहोचेल.